कुंदाताई ‘नऊ’ म्हणाली होती

कुंदाताईच्या नवऱ्याचा, भाऊजींचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. सारं आयुष्य जहाजाच्या इंजिनांपाशी काढलेला माणूस; त्यांचा आवाज कधी चढत नाही की पडत नाही. “नीता, कुंदा गेली. सकाळी. दुपारी येशील ना?” एवढंच म्हणाले. मी “हो” म्हटलं आणि फोन हातात धरून तशीच उभी राहिले. समोर कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. ‘तुमची वेदना शून्य ते दहापैकी कोणत्या आकड्यानं सांगाल?’ त्यातला हा पहिला प्रश्न मीच लिहिलेला… त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

माणसाचा स्वभाव आणि त्याला जाणवणारी वेदना यांचं नातं काय, हा माझ्या कामाचा विषय. धास्ती घेणाऱ्याला तीच सुई जास्त टोचते, दुखणं मनात घोळवत बसणाऱ्याचं दुखणं लांबतं, अबोल माणूस कमी सांगतो. कुंदाताई म्हणजे या विषयाचं चालतंबोलतं उदाहरण, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती खळखळून हसायची. आमची ओळख झाली ती इथल्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात. मी पुण्याहून नुकतीच आलेली, ती मूळची नागपूरची, पण वीस वर्षं सिंगापुरात मुरलेली. त्रिसरण संपलं आणि शेजारी बसलेली ही अनोळखी बाई मला म्हणाली, “मांडी घालून गुडघ्याचा पार भुगा झाला गं, हात दे जरा.” मी हात दिला. तो तिनं पुढची अकरा वर्षं सोडला नाही. क्वीन्सटाउनच्या तिच्या फ्लॅटमध्ये माझा रविवार जाऊ लागला. तिथं गेलं की आधी चहा आणि मग तिची दुखणी : आज मान, उद्या दाढ, परवा टाच. भाऊजी महिनोन्महिने समुद्रावर. लेक ओवी इथंच वाढलेली. ती कानातले हेडफोन न काढताच इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, “ममा ऑलवेज लाइक दॅट, लाह!” आणि आम्ही तिघी हसायचो.

मी मात्र उलटी. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सनं विचारलं की मी “ठीक आहे” म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन आली, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि थेट नर्सला गाठलं. “ती खोटं बोलतेय. तिच्या पायाची बोटं बघा, कशी आवळून धरलीत.” पाच मिनिटांत औषध मिळालं. घरून इतक्या लांब, माझं न सांगितलेलं दुखणं कुणीतरी ओळखलं म्हणून मी त्या दिवशी रडले होते.

एकदा नव्या प्रयोगाची चाचणी घ्यायची होती. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचा, सहन होईल तोवर ठेवायचा आणि वेदनेचा आकडा सांगायचा. मी ताईला बोलावलं. हात पाण्यात जाताच तिनं “अगं आई गं, मेले मेले!” असा धोशा लावला की माझे विद्यार्थी घाबरून जवळ आले. आकडा विचारला तर म्हणाली, “दहा! अकरा असेल तर अकरा.” पण वेळ संपल्याची घंटा झाली तरी तिचा हात पाण्यातच होता. त्या दिवशी बाकी सगळ्यांनी तो आधीच काढून घेतला होता. “अगं, काढायचा ना,” मी म्हटलं. “का? सहन होतंय तोवर ठेव म्हणालीस. होत होतं की. ओरडू नको असं कुठं म्हणालीस?” सगळे हसले. मी वहीत ‘दहा’ लिहिलं. तिनं हात काढला नव्हता, हे लिहिलं नाही. माझ्या अभ्यासातली सगळ्यात मोठी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी आता त्या पानाकडे बोट दाखवीन.

गेल्या वर्षी तिची पाठ दुखू लागली. भाऊजी जहाजावर होते, म्हणून मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टरनं आकडा विचारला. “नऊ,” ती म्हणाली. आणि मी… मी हसून त्याला इंग्रजीत म्हणाले, की मी याच विषयात काम करते, त्यांचा स्वभावच थोडं वाढवून सांगण्याचा आहे. त्यानंही हसून मान हलवली. गोळ्या दिल्या, बरं वाटलं नाही तर पुन्हा या म्हणाला. ताईला इंग्रजी चांगलं येत होतं. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांपाशी, आम्ही चहा घेतला. तिनं कप दोन्ही हातांत धरला होता. म्हणाली, “नीता, तू माझ्या बाजूनं आली होतीस ना?” मी म्हटलं, “अगं, असं काय बोलतेस!”

त्यानंतरच्या रविवारी तिनं एकही दुखणं सांगितलं नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं, बरी झाली. खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं. ती पुन्हा डॉक्टरकडे गेलीच नाही. चार महिन्यांनी भाऊजी घरी आले, तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर उशी ठेवून, पुढे झुकून, बसल्या बसल्या झोपत होती. आडवं पडवत नव्हतं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. लवकर कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी ते मला दोनदा सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून, हे कळत होतं. पण त्या चार महिन्यांचं दुखणं? ते तरी कमी करता आलं असतं.

शेवटच्या भेटीत मी तिच्या खाटेशी बसले होते. नर्सनं येऊन आकडा विचारला. ताईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, “दोन.” चादर मुठीत गच्च धरलेली. नर्स ते लिहून निघाली. मी तिच्या मागे धावले, म्हटलं, दोन नाही, बहुतेक दहा असेल, माझ्यासमोर त्या खरं सांगणार नाहीत. औषध दिलं. तिची मूठ हळूहळू सुटली. मी म्हणाले, “ताई, माझं चुकलं गं.” ती डोळे मिटूनच म्हणाली, “अगं, तू शिकलेली. मला वाटलं, माझंच चुकत असेल…”

ताईला टाइप करायचा कंटाळा. ती लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायची. कामाच्या गडबडीत मी कितीतरी ऐकायचे सोडून दिलेले. आता रोज सकाळी ट्रेनमध्ये एकेक ऐकते. भेंडी महागली, ओवी उलट बोलली, टाच दुखते. काल लागला तो दवाखान्यात जायच्या आठवडाभर आधीचा. “नीता, नीट ऐक हं. बरगडीच्या खाली सुरू होतं आणि मागे पाठीत जातं. आडवी झाले की वाढतं, पुढे वाकले की थोडं बरं वाटतं. जेवल्यावर जास्त. रोजच्यासारखं नाही हे, वेगळं आहे.” कुठल्याही डॉक्टरला पुरेल इतकं नेमकं तिनं सांगितलं होतं. मग जरा थांबून, “हसू नकोस हं. खरंच दुखतंय.”