मावससासूबाईंचे नकाराचे पत्ते

इतक्या निवांतपणे समोरच्याचा सत्यानाश करणारं माणूस यवतमाळ जिल्ह्यात माझ्या मावससासूबाईंच्या आधी झालं नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. त्या कधी आवाज चढवत नाहीत, कधी घाई करत नाहीत, आणि समोरचा काय करतो ते पाहिल्याशिवाय स्वतः काहीच करत नाहीत. तरुणपणी त्यांना स्थळं पुष्कळ आली. प्रत्येक मुलाला त्यांनी पोहे खाऊ दिले, बोलू दिलं, त्याच्या बापाला शेतीचं आणि आईला देवधर्माचं सांगू दिलं, आणि सगळ्यांचं सांगून झाल्यावर शांतपणे नकार दिला. दारव्ह्याचा एक मुलगा स्वतःचा विनोद संपायच्या आत स्वतःच हसला म्हणून गेला. वणीचा एक चांगला नोकरदार मुलगा पोह्यांवर लिंबू पिळताना बिया काढत नव्हता. "असा माणूस संसारात काय काय पडू देईन, सांगा बरं," असं त्या अजूनही म्हणतात. पुढे स्थळं यायची थांबली आणि त्या घाटंजीच्या शाळेत गणित शिकवत राहिल्या.

वर्गातही त्यांची हीच रीत. पोरांनी गोंधळ सुरू केला की त्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहायच्या. पोरं ओरडून ओरडून दमली, घशाला कोरड पडली, की उठून फळ्याकडे जायच्या आणि म्हणायच्या, "झालं? काढा वही." फोनवर त्या स्वतःहून एक शब्द बोलत नाहीत. माझी सासू, म्हणजे त्यांची थोरली बहीण, तासभर सगळ्या नातेवाइकांची गाऱ्हाणी सांगते आणि शेवटी स्वतःच म्हणते, "जाऊ दे व, मीच चुकली असन." लग्नात त्या पहिल्या पंगतीला कधी बसल्याचं मी पाहिलं नाही. आधी भिंतीला टेकून उभ्या राहतात, कोणती भाजी लोक पुन्हा मागतात आणि कोणती ताटात तशीच राहते ते पाहतात, आणि मग बसतात.

अशी बाई पत्त्यांच्या खेळात पडली ती केवळ कोथिंबिरीच्या एका काडीवरून. घाटंजीच्या बाजारात त्या काडीवर त्यांचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. पडल्या तिथेच बसून त्यांनी आधी ती कोथिंबीर शिळी असल्याचं विकणाऱ्याकडून कबूल करून घेतलं आणि मगच लोकांना आपल्याला उचलू दिलं. प्लास्टर घातल्यावर आम्ही त्यांना यवतमाळला आमच्या घरी आणलं. मी चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक असलो तरी दर रविवारी एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर जमणाऱ्या मंडळींबरोबर राक्षस-योद्ध्यांच्या चित्रांचे पत्ते खेळतो, ही आमच्या घरातली झाकून ठेवलेली गोष्ट होती. मावशींनी ती पहिल्याच दिवशी उघडी केली. "जवाईबापू, हे रमीचे पत्ते तर दिसत नाहीत."

मी त्यांना समजावून सांगितलं. या खेळात हजारो निरनिराळी पानं असतात. त्यांतली साठ ज्याची त्याने निवडायची, त्या गठ्ठ्याची, म्हणजे डेकची, जोड बांधायची आणि समोरच्याशी लढायचं. बहुतेक जण भराभर राक्षस मांडतात आणि हल्ला करतात. पण काही विचित्र माणसं हल्ला करतच नाहीत. ती समोरच्याचं प्रत्येक पान अडवतात, मोडतात, परत पाठवतात, आणि त्याचा हात रिकामा झाला की सावकाश एखादं मोठं पान काढून जिंकतात. पोरं त्याला कंट्रोल डेक म्हणतात. हे ऐकताना मावशींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त हरवलेली म्हैस सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "नाही म्हणाचीच पानं असतात? छापलेली?"

दुसऱ्या दिवशी माझे सगळे पत्ते त्यांच्या मांडीवरच्या सुपात होते. तूर निवडायला बसावं तशा त्या बसल्या होत्या. एकेक पान डोळ्यांजवळ न्यायचं, मला त्याचा अर्थ विचारायचा आणि सुपाच्या या कडेला किंवा त्या कडेला सारायचं. आग ओकणारा लाल ड्रॅगन, ज्याच्यासाठी मी नागपूरच्या एका पोराशी महिनाभर घासाघीस केली होती, तो खड्यांत गेला. "लय मोठ्यानं ओरडते हा. कामाचा नाही." पानांवर इंग्रजी नावं होती, ती त्यांना पसंत नव्हती, त्यांनी आपली नावं दिली. समोरच्याचं पान टेबलावर टेकायच्या आत रद्द करणारं ते 'नाही बापा'. टेबलावरचं सगळं एका फटक्यात पुसून टाकणारं ते 'सारवण'. आणि समुद्रातून निघणारा, अंगभर डोळे असलेला एक अवाढव्य प्राणी, ज्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, तो 'हेडमास्तर'. हेडमास्तर त्यांनी जोडीत एकच ठेवला. मी म्हटलं, दोन तरी ठेवा, एखाद्या वेळी हाती लागणारच नाही. "शाळेत दोन हेडमास्तर असतात काय?" त्या म्हणाल्या. "अन् ते सगळ्यात शेवटीच येतात. आधी येऊन करतील काय?"

प्लास्टर निघालं तरी खेळ सुटला नाही. दर रविवारी सकाळच्या एसटीने त्या घाटंजीहून येऊ लागल्या. झेरॉक्सवाल्याच्या माडीवर कॉलेजची पोरं होती, एक दातांचा डॉक्टर होता, मी होतो. सगळ्यांनी पहिल्यांदा त्यांना वाकून नमस्कार केला आणि महिन्याभरात सगळे त्यांच्यासमोर बसायचं टाळू लागले. डॉक्टर म्हणायचा, की दात उपटून घेताना माझे पेशंट जसे बसतात तसा मी मावशींसमोर बसतो. फक्त एक माणूस दर वेळी हौसेने त्यांच्यापुढे जाऊन बसायचा. ते मुकुटबनचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बायको जाऊन काही वर्षं झालेली. एकदा पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला आले, उन्हातून जरा बसावं म्हणून माडीवर आले आणि तेव्हापासून दर रविवारी पांढरकवड्याला गाडी बदलून येत होते. त्यांची जोड म्हणजे नुसता वेग. पहिल्या खेळीलाच कोल्हे, दुसऱ्या खेळीला लांडगे, ब्रेक नाहीच. मावशी त्यांचा एकेक लांडगा 'नाही बापा' करून काढायच्या आणि जे उरतील त्यांच्यावर सारवण घालायच्या.

"बाई, आज तरी एखादं येऊ द्या न!"

"काहून?"

"इतक्या दुरून आलो न मी!"

"लांडग्याईले घेऊन आले. रिकामे आले असते त चहा पाजला असता."

ड्रायव्हरसाहेब खो खो हसायचे, हरायचे आणि पत्ते पुन्हा पिसायला घ्यायचे.

मग नागपूरला मोठी स्पर्धा ठरली आणि आमच्या माडीवर निवडणुकीसारखं वातावरण आलं. मावशींनी जोड पुन्हा सुपात ओतली. नागपूरची पोरं फार वेगाने खेळतात असं कळल्यामुळे त्यांना आणखी एक 'नाही बापा' हवं होतं, पण साठ पानांत जागा नव्हती. काय काढायचं? डॉक्टर म्हणाला, एक सारवण काढा. मावशींनी असं पाहिलं की तो तोंड उघडून बसला. शेवटी त्यांनी हेडमास्तरांनाच काढलं.

ड्रायव्हरसाहेब उभेच राहिले. "बाई, जिंकाचं एकच पान होतं तुमच्याजवळ!"

"हरलीच नाही त जिंकाचं काय काम?"

नागपूरला मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो, ड्रायव्हरसाहेब माझ्या शेजारी. जे झालं त्याला सामना म्हणणं कठीण आहे. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक पोरगा समोर बसला, त्याने झपझप पानं टाकली आणि मावशींनी एकेक करून सगळी परत पाठवली. त्याचा हात रिकामा झाला. आता मावशींनी त्याला संपवायचं, तर संपवायला जवळ काही नाही! दोघं एकमेकांकडे पाहत बसले. तो एक पान उचलायचा, टाकायचा. त्या "नाही बेटा" म्हणायच्या. "आंटी, ये खतम कब होगा?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं. "जल्दी है क्या?" मावशींनी आपुलकीने विचारलं आणि पर्समधून त्याला आवळासुपारी दिली. वेळ संपला, बरोबरी. पुढच्याशी बरोबरी. त्याच्या पुढच्याशीही बरोबरी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या नागपुरात मावशींना कोणी हरवू शकलं नाही आणि मावशींनीही कोणाला हरवलं नाही. त्या यादीत मधेच कुठेतरी लटकल्या आणि भलत्याच खूश होऊन परतीच्या गाडीत बसल्या.

गाडीत ड्रायव्हरसाहेब मावशींच्या मागच्या सीटवर होते. गाडी चालवणाऱ्याने गिअर टाकला की यांचा डावा पाय आपोआप दाबला जात होता. मग ते म्हणाले, "बाई, राग येऊ देऊ नका. मी जिंदगीभर गाडी चालवली. ब्रेक पाहिजेच, ब्रेकाबिगर गाडी म्हणजे मरण. पण नुसत्या ब्रेकावर पाय ठेवून डेपोतच बसलो असतो, त मुकुटबनची सवारी मुकुटबनले पोचली असती काय?"

मावशींनी पर्स उघडली आणि उरलेली आवळासुपारी त्यांच्या हातावर ठेवली.

पंधरा-वीस दिवसांनी ड्रायव्हरसाहेबांनी मला एकट्याला गाठलं आणि जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला चहा बशीत आला. निरोप मीच पोचवायचा होता, कारण मी घरचा जावई. मावशी आमच्याकडे आल्या होत्या, समोर सूप घेऊन बसल्या होत्या. मी दोनदा पाणी प्यायलो.

"मावशी, ड्रायव्हरसाहेब विचारत होते..."

"उसनं पान पाहिजे असन."

"पान नाही. ते... तुम्हाला मागणी घालताहेत."

सुपावरचा हात थांबला. "मंग तुमाले कायले पाठवलं? सोता नाही आले?"

"आलेत. खाली रिक्षाजवळ उभे आहेत."

त्या खिडकीपाशी गेल्या. खाली ड्रायव्हरसाहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे राहून, घाबरलेल्या माणसाने काहीतरी करावं म्हणून, एका रिक्षावाल्याला गाडी मागे कशी घ्यावी ते शिकवत होते. "ऊन लागून राह्यलं त्याईले," त्या म्हणाल्या. "वर बोलवा."

ड्रायव्हरसाहेब वर आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सून काय म्हणते तुमची?" मावशींनी विचारलं.

"तिनंच म्हटलं. बाबा, दर इतवारी हरून येता अन् हसत येता, त एकदा विचारूनच टाका."

"मले विचार कराले वेळ लागंन."

"मी थांबतो."

"तुम्ही?"

"शिकून राह्यलो."

बातमी फुटली आणि नातेवाईक एकामागून एक येऊ लागले. मावशींनी कोणाशीच वाद घातला नाही. चहा करायच्या आणि ऐकायच्या. माझी सासू सर्वांत जोरात होती. "या वयात मुंडावळ्या बांधशीन?" "नाही बांधत." "लोक हासतीन!" "हासू दे. साखर बरोबर आहे न चहात?" थोरल्या भावाने घराण्याचं नाव काढलं, त्यांनी त्याला बिस्किट दिलं. कोणी गुडघ्यांचं काढलं, कोणी पेन्शनचं, कोणी मुकुटबनच्या उन्हाळ्याचं. पऱ्हाटीला बोंडं धरली, फुटली, वेचणी झाली, तरी हे चालूच. अखेर एका दुपारी सासूबाई बोलता बोलता थबकल्या. म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. जरा वेळ त्यांनी पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "मंग साडी कोणती नेसशीन?"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मात्र मावशी घाटंजीच्या घराच्या अंगणात एकट्याच उभ्या होत्या. मी जवळ गेलो. "जवाईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "मले भेव वाटून राह्यलं. साठी उलटली माही. आता दुसऱ्याच्या घरी मिठाचा डबा कुठी आहे ते विचारा लागंन." मी त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. थोड्या वेळाने त्यांनीच डोळे पुसले आणि मला दटावलं, "जा, त्या माडीवरच्या पोरांनी जेवण केलं काय ते पाहा." दुसऱ्या दिवशी रजिस्टरवर त्यांनी आधी सगळं वाचून मग सही केली, ड्रायव्हरसाहेबांनी घाईत साक्षीदाराच्या जागी सही केली.

आता त्या मुकुटबनला असतात. तिथून यवतमाळ दूर पडतं, गुडघेही कुरकुरतात, त्यामुळे येणं क्वचितच होतं. फोनवर सून सांगते, की दुपारी ओसरीवर दोघं खेळतात आणि बाबांच्या ओरडण्याने शेजारची बकरी दावं तोडते. आमच्या माडीवर रविवार भरतात. पोरं आहेत, डॉक्टर आहे, मी आहे. सगळे वेगाने खेळतो. लाल ड्रॅगन पुन्हा माझ्या जोडीत आलाय. टेबलावर येतो, ओरडतो, जिंकतो. पूर्वी एकेका डावाला दुपार पुरत नसे. आता उन्हं डोक्यावर यायच्या आत सगळे डाव संपतात. झेरॉक्सवाला सवयीने दुसऱ्या चहाचं आधण ठेवतो आणि आम्ही जोडे घालत असतो. मग बाहेर रस्त्यावर येऊन जरा वेळ उभे राहतो, कारण एवढ्या लवकर घरी जाऊन करायचं काय, ते कोणालाच कळत नाही.