मशीनची खंडेनवमी

माझा पहिला ई-मेल उघडून दिला तो आमच्या इंटरनेट केंद्राच्या साहेबांनी. माउस कसा धरायचा हेही त्यांनीच दाखवलं. बीदरजवळच्या नौबादच्या शाळेत कॉम्प्युटर मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. वडील तिथल्याच कोळारच्या कारखान्यात पोती उचलत, आणि मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात एमएस्सीला आले होते. साहेबही बीदरकडचे, आमच्याशी मराठीत बोलायचे. परक्या गावात त्याचा केवढा आधार वाटायचा. ते उपकार मी अजूनही मानते.

आवारात इंटरनेट त्या एकाच इमारतीत चालायचं. वसतिगृहापर्यंत केबल ओढून ठेवली होती, पण ती कधी जोडली गेली नाही. तिच्यावर आम्ही ओढण्या वाळत घालायचो.

माझ्या खोलीतली मैत्रीण औरादकडची. तिचे वडील अजून मेंढरं राखायचे. वर्गात तिच्याइतकं हुशार कोणी नव्हतं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी केंद्रात तिनं मेल उघडला आणि माझा दंड धरला. हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनासाठी तिची निवड झाली होती. जागा हवी असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत मेलनं कळवा, नाहीतर ती पुढच्या उमेदवाराला दिली जाईल, असं खाली लिहिलं होतं. ती उत्तर लिहायला लागली तेवढ्यात पडदा काळा झाला. साहेबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. पूजेसाठी मशीनं पुसायची होती.

"उद्या या प्रसादाला," ते म्हणाले.

खंडेनवमीला तिकडे सगळी हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. आमच्या घरी बुद्धवंदना, खंडेनवमी नव्हती. तरी सकाळी लवकर मी तिच्याबरोबर गेले. दाराला केळीचे खुंट बांधले होते. प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार, नेटवर्कच्या कपाटाला हळदकुंकू. साहेब सोवळ्यात होते.

"साहेब, एकच मेल पाठवायचाय," ती म्हणाली.

"मशीनीला आज सुट्टी हाय, अक्का. तुझा बाप आज नांगराला हात लावायलाय का?"

"आमच्यात नांगर न्हाई साहेब. मेंढरं हायत. ती आजबी चरायला जात्यात."

साहेब हसले. "म्हणूनच मेंढरांच्या मागं राहिलाव तुम्ही." आणि आम्हा दोघींच्या ओंजळीत चुरमुरे आणि बुंदी घातली. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, एवढं आईनं मला शिकवलं होतं. मी तो खाल्ला.

मग आम्ही स्टेशनपर्यंतची सगळी सायबर कॅफे पालथी घातली. जिथं जावं तिथं झेंडू. एका मालकानं तर हात जोडले. "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. पूजा झालेली मशीन मी उठवणार न्हाई." एसटीडी बूथवरून हैदराबादला फोन लावला. तिकडेही सुट्टी, रिंग वाजतच राहिली.

दुपारी परत केंद्राशी आलो. काचेतून आत पाहिलं तर कोपऱ्यात एक मॉनिटर चालू होता. त्याला हार नव्हता, कुंकूही नव्हतं. साहेब आणि त्यांचे दोन पाहुणे क्रिकेटचा स्कोअर बघत होते. एवढं एक मशीन त्यांनी मुद्दाम पूजेतून वगळलं होतं.

तिला इतका आनंद झाला की चपला बाहेर न काढताच ती आत गेली.

"साहेब, ह्याची पूजा झाली न्हाई. ह्याच्यावरनं पाठवू का?"

साहेबांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे. उठून शेजारच्या मॉनिटरचा हार काढला आणि त्या मशीनला घातला. ताटलीतल्या कुंकवाचं बोट लावलं. उदबत्ती ओवाळली, अगदी सावकाश, आणि बटण बंद केलं.

"झाली बघ पूजा."

पाहुणे हसले. एकजण म्हणाला, "आता स्कोअर कुठं बघायचा हो?" साहेब म्हणाले, "हिच्या बापाला विचारा. रानात रेडिओ असतोय त्याच्याकडं."

ती बाहेर आली. पायरीवर बसून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी वसतिगृहापर्यंत चालली.

दसऱ्याला तिनं मेल पाठवला. सुट्ट्या संपल्यावर उत्तर आलं. जागा पुढच्या उमेदवाराला दिली गेली होती.

वार्षिक समारंभात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. साहेब माइकवर आले आणि म्हणाले, केंद्र नसतं तर आपल्या मागास भागातल्या मुलींना कोणी ओळखलं असतं. आपली ही विद्यार्थिनी हैदराबादच्या संस्थेत निवडली गेली, ती आपल्या इंटरनेटमुळे. खोटं त्यात काहीच नव्हतं. टाळ्या पडल्या. तिला वर बोलावलं. ती आली, गुच्छ घेतला आणि आम्हाला शाळेत शिकवलं होतं तशी वाकून त्यांच्या पाया पडली.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकपासून तोंड वळवून विचारलं, "मेंढरं काय म्हणायलीत?"

मी हाताच्या अंतरावर उभी होते.

"चरायलीत, साहेब," ती म्हणाली.

खाली टाळ्या चालूच होत्या. मी पुढचं नाव पुकारलं.