खड्ड्यांचा बंदोबस्त

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. दक्षिण सोलापुरातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. सकाळी हजेरी चालू असताना एका गावच्या सरपंचांचा फोन आला. पांढरी गाडी रस्त्यानं अगदी हळू फिरते, मागे कॅमेरा लावलाय, आणि एक माणूस उतरून डांबरावर चुन्याचे गोल काढतो. त्या भागात शेळ्या चोरीला जात होत्या. गोल म्हणजे टोळीची खूण, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं.

माणूस ठाण्यात आणला. तो म्हणाला, मी इंजिनिअर. खड्डे-भेगांवर खुणा करायच्या, मग यंत्रानं रस्त्याचे चढ-उतार मोजायचे. दर काही वर्षांनी होणाऱ्या मोजणीवरून रस्ता किती बिघडला ते कळतं. जास्त बिघडलेला आधी दुरुस्त होतो.

हवालदारांनी विचारलं, "खड्डे मोजायचा पगार मिळतो व्हय?"

लॅपटॉप उघडायला लावला. जेऊरकडच्या रस्त्यांचे फोटो निघाले. भेग, खड्डा, पुन्हा भेग. बराच वेळ पाहूनही एकाही फोटोत शेळी सापडली नाही. शेवटी त्याच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा खुलासा झाला. चहा पाजून सोडलं. यंत्राची मोजणी दुसऱ्या दिवशी होती.

सरपंच शरमले होते. मीच त्यांना म्हणालो, पाहुण्याला उद्या धक्के बसायला नकोत, थोडा मुरूम टाकून घ्या. गावानं मन लावून काम केलं. संध्याकाळपर्यंत चुन्याच्या प्रत्येक गोलात मुरूम, वर पाणी मारून चोपून बसवलेला. मला नारळ आणि टॉवेल-टोपी मिळाली.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर पुन्हा ठाण्यात आला. "साहेब, यंत्राला रस्ता चांगला दिसला. आता मी खोटं लिहू का?"

दुरुस्तीतून गाव वगळलं गेलं. एका पावसात मुरूमही गेला. इंजिनिअरला कुणीतरी फितवलं, असं गाव म्हणत राहिलं. मी एका वाक्यात त्याचं नाव साफ करू शकत होतो. निवृत्तीपर्यंत गप्प बसलो.

गेल्या महिन्यात गावात जाऊन सगळं सांगून टाकलं. सरपंच, आता माजी, हसले. "साहेब, आमाला ठावं हाय की. फावडी आमच्याच हातात व्हती. पर सोताला शिव्या कशा द्यायच्या? त्यो परका व्हता, बरा पडला."

नोकरीत कितीतरी जबाब घेतले. सगळं गाव एकाच माणसाकडे बोट दाखवतं, तेव्हा आधी बोट दाखवणाऱ्यांचे हात पाहावेत, हे मला फार उशिरा कळलं. त्यांत माझाही हात होता.

मोजणीची गाडी पुन्हा यायची आहे. मी निघताना माजी सरपंच म्हणाले, "ह्या बारीला बंदोबस्ताला तुमीच या. कुणाला फावडं धरू देऊ नका."

मी हो म्हणालो. निवृत्तीनंतरची पहिली ड्यूटी लागली आहे, खड्डे राखायची.