रुमालाखालचा हात

सिनेमातला सगळ्यात भीतिदायक खलनायक कोण, यावरून जनावरांच्या बाजारात आम्हा दलालांची चहाच्या टपरीवर जुंपली होती. एकाच्या मते बंदूक घेऊन डोंगरातून उतरणारा दरोडेखोर. दुसऱ्याच्या मते माणूस मारताना हसणारा.

"हसन्याचं लई भ्या वाटतं," तो म्हणाला.

"जो वरडतो त्याचा भाव काढता येतो," मी म्हणालो. "हसतो त्याचाबी. त्याला काय पायजे ते दिसतं ना."

"मग तुला कुनाचं भ्या वाटतं? तू तर सासऱ्यालाबी शिव्या घालतो."

उत्तर होतं, पण ते टपरीवर सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. पोरवयापासून हेच करत आल्यानं मला आकड्यापेक्षा हात जास्त कळतो. गरजवंताचा तळवा ओला असतो. लबाडाची बोटं घाई करतात.

गेल्या वर्षी रस्त्याकडेची माझी जागा मागायला एक माणूस आला. पुढे गोठा, मागे घर, सगळं मी दलालीवर उभं केलेलं. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. मी सवयीनं रुमाल टाकला. त्याचा हात कोरडा आणि थंड होता. त्यानं एकही बोट दाबलं नाही, हात नुसता माझ्या हातावर ठेवला.

"भाऊ, तुमची मुलगी पहिल्या एसटीनं कॉलेजला जाते ना? खिडकीशी बसते. हुशार आहे."

तोंडात आलेली शिवी तिथंच वाळली. आठवड्याभरात गोठ्याची जागा मी त्याला देऊन टाकली. भाव त्यानं चांगला दिला, आणि तेच मला सलतं. लुबाडलं असतं तर चार माणसं माझ्या बाजूनं बोलली असती. आता बाजार म्हणतो, गड्यानं मातीचं सोनं केलं.

टपरीवर वाद चालूच होता, तेवढ्यात तोच माणूस आला. बाकावरची माणसं आपोआप सरकली.

"कशाची चर्चा?" त्यानं विचारलं. कुणीतरी सांगितलं. त्यानं चहावर फुंकर मारली. "मला लहानपणी त्या खलनायकांची कीव यायची. एवढं ओरडायचं कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो, याची मला अजून चीड येते.

मग तो माझ्याकडे वळला. "ताईची परीक्षा कशी गेली? आणि भाऊ, मागच्या तुकड्याचंही बघून टाकू." त्यानं हात पुढे केला, रुमालाची वाट बघत.

मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची घडी केली आणि ती बुडाखाली घेऊन बसलो.

"मागं माझं घर हाय. भाव करायचा तर तोंडानं करा, समद्यांदेखत."

एरवी माझा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जातो. तेव्हा तो बाकापुरताच निघाला.

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "घाई नाही," म्हणाला, सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि गेला.

हातातला सौदा अर्धवट टाकून मी आमच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. दोन गाड्या तशाच निघून गेल्या. तिसरीच्या खिडकीत मुलगी दिसली तेव्हा मला श्वास घेता आला. खाली उतरताच तिनं विचारलं, "अण्णा, तुम्ही इकडं कसं?"

"उद्यापासून खिडकीशी बसू नको."

"का?"

तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटरसायकल आमच्याजवळ येताना हळू झाली आणि पुढे गेली. चालवणारा कोण होता ते दिसलं नाही.

"ऊन लागतं," मी म्हणालो. तिनं एकदा आभाळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. दिवस केव्हाच मावळला होता.