कंपासपेटीतला ज्येष्ठमध

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला माझी पत्नी सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलमध्ये मोजलेला रक्तदाब २१८/१२४ होता. सकाळच्या गोळ्या तिने घेतल्या होत्या.

निदान त्याआधी पाच महिन्यांचं. सुनंदा चोपन्न वर्षांची, निफाडजवळच्या शाळेत शिक्षिका. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ते वाचन तीच करायची. मी एका दैनिकातून निवृत्त झालेला उपसंपादक.

मार्चमध्ये डॉक्टरबाईंनी रेझिस्टंट हायपरटेन्शन हा शब्द वापरला. तीन औषधं पूर्ण मात्रेत सुरू आहेत, त्यातलं एक लघवी वाढवणारं आहे, तरीही दाब उतरत नाही, असा त्याचा अर्थ.

आधी संशय रुग्णावर घेतला जातो. तो घ्यावाच लागतो.

"मॅडम, गोळ्या रोज घेता ना? खरं सांगा."

"तीस वर्षं पोरांचा गृहपाठ तपासतेय डॉक्टर. स्वतःचा बुडवीन का?"

"लोणचं? पापड?"

"लोणच्याची बरणी यांनी कपाटात कुलपात ठेवलीय. चावी यांच्या जानव्याला असती, पण आमच्यात जानवं नाही."

डॉक्टर हसल्या. मग मला विचारलं, "आणखी कुठलं औषध? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, सांधेदुखीच्या गोळ्या?"

मी सांगितलं, "काही नाही."

तपासण्या झाल्या. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी नॉर्मल. झोपेत श्वास अडकतो का, याची तपासणी नॉर्मल. रक्तातलं पोटॅशियम कमी, २.९. लघवीच्या गोळीने ते उतरतं, असं सांगून सिरप दिलं गेलं. चौथी गोळी वाढली. मी वही सुरू केली. सकाळचा दाब, संध्याकाळचा दाब, मीठ, झोप, चालणं, असे रकाने होते. जुलैत वर्षावास सुरू झाला आणि आकडे चढले. मी वहीत 'दगदग' असं कारण लिहिलं.

सिरपची चव वाईट होती. ते घेतलं की सुनंदा उताऱ्याला ज्येष्ठमध तोंडात टाकायची.

घशासाठी ज्येष्ठमध हा शिक्षकांच्या आणि गाणाऱ्यांच्या घरातला जुना रिवाज आहे. साठ मुलांच्या वर्गात आवाज टिकवायचा असतो. रविवार कारंजावरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून कांड्या मी आणायचो. अडकित्त्याने तुकडे मीच करायचो आणि तिच्या जुन्या कंपासपेटीत भरून द्यायचो. दिवसभर एक तुकडा गालात असायचा. रात्री काढा. वर्षावासात पेटी दोन दिवसांत रिकामी व्हायची. वहीत त्याचा रकाना नव्हता.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. याला अफेजिया म्हणतात. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, स्वतःचा शब्द निघत नाही.

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर, नवव्या दिवशी, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या हार्मोन्सचा रिपोर्ट आला. अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवतं. ते वाढलेलं असेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. दोन्ही आकडे अगदी कमी निघाले.

"बाहेरून काहीतरी पोटात जातंय," डॉक्टर म्हणाल्या. "नीट आठवा."

मी पुन्हा सांगितलं, "काही नाही."

त्याच वेळी शेजारच्या शकुंतलाबाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एक कांडी सुनंदाच्या डाव्या हातात ठेवली. "बाईंचा आवाज बसलाय ना, चघळू द्या. लय गुणकारी. विहारात सगळे वाट बघतेत."

डॉक्टरांनी कांडी हातात घेतली. "ज्येष्ठमध? हे रोज घेतात?"

"आता काय सांगू! कंपासपेटी भरून देतेत ना भाऊ."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. ज्येष्ठमधातला एक घटक शरीरात अल्डोस्टेरॉनसारखं काम करून घेतो, असं त्यांनी समजावलं. मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम निघून जातं, दाब चढतो. गोळ्या एकीकडे उतरवतात, हा दुसरीकडे चढवतो.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही औषध विचारलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "मी औषधच विचारलं."

झटका केवळ यामुळेच आला, असं त्यांनी म्हटलेलं नाही. 'मोठा वाटा' हे त्यांचे शब्द.

ज्यांच्या घरी दाब उतरत नाही, त्यांनी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावी. काढा, चूर्ण, मुखवास, चघळायची कांडीसुद्धा. औषध कोणतं आणि खाणं कोणतं, हे आपण ठरवू नये.

ज्येष्ठमध बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दाब उतरू लागला. दीड महिन्यात चार गोळ्यांची एक झाली. पोटॅशियम ४.२.

आश्विन पौर्णिमेला विहारात ग्रंथाची समाप्ती झाली. उरलेली पानं शकुंतलाबाईंच्या सुनेने वाचली. सुनंदा पुढच्या रांगेत खुर्चीवर होती. पान उलटलं की तिचे ओठ हलायचे.

घरी आल्यावर तिने डाव्या हाताने गळ्याला स्पर्श केला. मग फळीवरच्या कंपासपेटीकडे बोट दाखवलं. तिचा घसा बसला आहे, अशी तिची समजूत आहे. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही.

"संपला," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि रविवार कारंजाच्या दिशेला, खिडकीबाहेर बोट केलं.

त्या संध्याकाळचा रक्तदाब १२४/८०.