सोसणारी झाडं

कमळाकाकू भूमच्या बाजारात पीच विकायच्या, उरलेली गावात वाटायच्या, पण स्वतः एक फळ तोंडात घालायच्या नाहीत. "दात शिवशिवत्यात," म्हणायच्या. त्याच दातांनी फुटाणे फोडताना मी त्यांना रोज पाहायचो. आमचं शेत त्यांच्या बांधाला लागून.

थंड मुलखातलं हे झाड त्यांनी आमच्या माळावर लावलं तेव्हा गाव हसलं. "काकू, आता बर्फपण पेरा," मी म्हणालो.

"हस तू. झाडाला ऐकू येत न्हाय," म्हणत त्यांनी प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाणी झिरपवणारं मडकं पुरलं. फळं धरली तेव्हा हसणारेच पिशव्या घेऊन आले. त्यात पहिला मी.

मग एका वर्षी पावसानं दगा दिला. विहिरीनं तळ गाठला, सगळी मडकी भरण्याइतकं पाणी उरलं नाही. काकूंनी फळांनी लगडलेल्या धडधाकट झाडांची मडकी उपटली आणि मरतुकड्यांच्या बुडाशी दोन-दोन पुरली. "कच्च्या लेकराला आदी. थोरलं काढतंय कळ," म्हणाल्या. मलाही पटलं, मडकी मीच उचलून नेली. आमच्या घराघरांत असंच तर चालतं. पण फळांनी भरलेल्या झाडालाच पाणी जास्त लागतं. धडधाकट होती ती उभ्या उभ्या वाळली, मरतुकडी जगली.

"पावसानं मारली, बाई," शेजारणी समजूत घालायच्या.

"पावसानं न्हाय. सोसतंय म्हणून त्याच्याच तोंडचं पाणी काढलं म्या."

काकूंचे दात शिवशिवायला लागले ते तेव्हापासून.

पुढच्या पावसाळ्यात एका वाळक्या खोडाला बुडातून फुटवा आला. कलमाच्या खालचा, म्हणजे रानटी. असा फुटवा खुडून टाकायचा, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी हात घातला तशा ओरडल्या, "हात लावू नगंस त्याला!" आणि त्या बिनकामाच्या फुटव्याला त्यांनी दोन मडकी लावली.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याला लिंबाएवढी फळं आली. काकू तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. मी एक नेऊन हातात दिलं.

"त्याचंच हाय?"

"त्याचंच."

त्यांनी चावा घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मला बघवेना. "आंबट असंल काकू, टाका ते," म्हणत मी हात पुढे केला.

त्यांनी मूठ घट्ट मिटली.

"आंबटच पायजे मला," म्हणाल्या, आणि कोय उघडी पडेपर्यंत खात राहिल्या.