सासऱ्यांच्या खांद्याचं माप

कर्जत स्टेशनबाहेर पडलो तेव्हा पोटात दोन वडापाव होते आणि डोक्यात संपादकांचा हुकूम. आमचं मासिक फॅब्रिकेशनवाल्यांचं, म्हणजे लोखंडाची गेटं, जाळ्या, जिने करणाऱ्यांचं. "या खेपेला यंत्रांची माहिती नको, माणसांच्या गोष्टी आण," असं त्यांनी बजावलं होतं. जशा काही गोष्टी झाडाला लागतात!

दहिवलीपर्यंत तीन वर्कशॉप पालथी घातली. पहिल्यात फार्महाऊसचं गेट. दुसऱ्यातही फार्महाऊसचंच गेट. तिसऱ्याचा मालक म्हणाला, "गोष्ट कसली आलीय? लोखंड कापतो, जोडतो. चा घेताय का?" चहा मात्र झकास होता.

चौथं दुकान दिलीपचं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस, कानामागे खडू. तो टेंपोत लोखंडी कमान चढवत होता. खालापूरकडच्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर ती उभी करायची होती आणि त्याच संध्याकाळी तिच्याखालून पालखी निघायची होती. ते गाव त्याची सासुरवाडी. "येऊ का?" असं विचारून उत्तर यायच्या आत मी टेंपोत बसलो.

उजवीकडे माथेरानचा डोंगर, खाली कापणी होऊन गेलेली भाताची खाचरं आणि खाचरांत बंगल्यांच्या जाहिरातींचे फलक. दहिवली मागे पडली तशी दिलीपला वाचा फुटली.

"साहेब, धाकधूक हाय. हे माप मी घेतलेलं नाय."

"मग कोणी घेतलं?"

"सासऱ्यांनी. मी टेप घेऊन गेलो, तर मामा म्हणाले, जावयाला राबवायचं व्हय? मला खुर्चीत बसवलं, कोंबडी वाढली. सोता पालखी खांद्यावर घेतली न् मेव्हण्याकडनं मोजवली. तीस वर्षं पुढचा खांदा त्यांचाच हुता ना."

"मग बरोबरच असेल की."

"आता ते वाकल्यात, साहेब. पालखी पोरं उचलतात. पन सासऱ्यानं दिलेलं माप जावयानं परत कसं मोजायचं?"

एका सुतासाठी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा हा गडी सासुरवाडीच्या रश्श्यात विरघळला होता. मी पोटभर हसलो. तो हसला नाही.

गावात मामा सामोरे आले. सत्तरी ओलांडलेली, पाठीला चांगलाच बाक, पण फेटा ताठ. आल्या आल्या त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं आणि समोर तांदळाची भाकरी न् बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) आलं. जावयाची अडचण मला पहिल्या घासालाच कळली. असं जेवू घालणाऱ्याला कोण काय सांगणार?

दुपारी कमान उभी राहिली, बोल्ट आवळले गेले. गावची पोरं हौसेनं रिकामी पालखी खांद्यावर घेऊन आली आणि कळस कमानीवर टणकन आपटला. वर चार बोटं मोकळी ठेवायची तर वीतभर कमी! देवाची पालखी कुठेही झुकवायची नाही, हा गावाचा रिवाज.

"माप कुनी घेतलं रं?" मागून कोणीतरी ओरडलं.

मामांचा हात मिशीवरच थांबला. त्यांनी तोंड उघडायच्या आत दिलीप म्हणाला, "मी. चूक माझी हाय. दोन तास द्या."

जावयाची फजिती म्हणजे गावाला आणखी एक सण. "जावईबापू, मारुतीला रांगत न्यायचा का?" एकानं विचारलं. दिलीप पाना घेऊन बोल्ट सोडवायला लागला. कमान उतरवली, दोन्ही खांब कापले आणि टेंपोतल्या उरलेल्या पाइपाचा वीत-वीत तुकडा मधे जोडायला घेतला. पाइप धरायला मला जुंपलं. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, असा लेख दरवर्षी मीच लिहितो. मी बघितलंच.

संध्याकाळी पालखी कमानीखालून ताठ गेली, वर चार बोटं जागा ठेवून. माझा जीव भांड्यात पडला. मिरवणूक पुढे सरकल्यावर दिलीपनं सांधे घासायला ग्राइंडर उचलला, तोच मामा एकटेच मागे फिरले.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू."

"मामा, सांधा वंगाळ दिसतोय."

मामांनी त्या तुकड्यावर पंजा पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोब्बर बसला. "दिसू द्या. खांदा येवढा उतरलाय, आन् मला कुनी सांगतच नव्हतं." मग ते माझ्याकडे वळले. "पेपरवाले, लिवा तुमी. माप माझं हुतं."

दिलीप ग्राइंडरची वायर गुंडाळत राहिला. बराच वेळ गुंडाळत राहिला.

परतीच्या वाटेवर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. कर्जतला मला सोडताना दिलीप म्हणाला, "म्हातारा काय बी बोलतो. त्यांचं नाव नका टाकू." मी मान डोलावली, पण मामांचं म्हणणं तसंच्या तसं लिहिलं. त्यासोबत त्या सांध्याचा फोटो धाडला.

माझे वडीलही आता थकलेत. जिना उतरताना त्यांचा पाय अडखळला की मी रोज म्हणतो, "पायऱ्याच उंच बांधल्यात मेल्यांनी." दुसऱ्या दिवशी तसं म्हणालो नाही. नुसता हात पुढे केला. बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तो धरला.